शेप्या आंब्याचं लाकूड

पुणे, ६ नोव्हेंबर २०२३

श्रीमती अनुसूयाबाई यांस,
सादर नमस्कार.

वरची ओळ लिहायला मला फार वेळ लागला. ‘ती. आई’ लिहिण्याचा हक्क मे महिन्यात कोर्टात सही केली तेव्हाच संपला, आणि दुसरं काही हाताला वळत नाही. फोन करायचं धाडस झालं नाही. तुम्ही ‘कोण बोलतंय?’ म्हणाल आणि मला उत्तर देता येणार नाही, अशी भीती वाटली.

एक विनंती आहे. कॅनॉलकडचा वाळलेला शेप्या आंबा तोडायला तुम्ही सांगितलंय, असं तुमचं शेत कसणारे सेवाभाऊ परवा फोनवर म्हणाले. सुट्टीत औंढ्याला आले की मी त्या झाडापाशी तासन्‌तास बसायची आणि तुम्ही बांधावरून हाका मारायचात. मी तिथे काय बघते, ते तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही.

वीज पडून झाड मेलं, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याची साल सुटायला लागली. त्या सालीखाली, ओलसर भुशात, चपट्या तपकिरी अळ्या राहतात. माश्यांचंच एक कुळ आहे ते. पण उष्ट्यावर बसणाऱ्या माशीशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांना मेलेलं झाड लागतं, बाकी कुठे त्या जगत नाहीत. सालीखालच्या अंधारात त्यांचं बहुतेक आयुष्य जातं. मग उन्हाळा सरता सरता पंख फुटून बाहेर येतात. सडपातळ, पिवळ्या-काळ्या. गांधीलमाशी वाटावी अशा, पण डंख नसतो. मी त्यांना लाकूडमाश्या म्हणते. संग्रहात टाचलेल्या पाहिल्यात, लाकडातून निघताना अजून एकदाही नाही. गेल्या वर्षी मी उशिरा पोचले, आणि यंदाचा उन्हाळा कसा गेला ते तुम्हाला माहीत आहे.

माझा सगळा प्रबंध त्या खोडावर उभा आहे. येत्या जूनपर्यंत ते तसंच राहू द्याल का?

आपली,
केतकी


औंढा, १६ नोव्हेंबर

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मला ‘अनुसूयाबाई’ म्हणायला तू काय बँकेतली आहेस? सही तू अनिरुद्धला सोडायची केलीस, मला सोडायची कुठे केलीस? काय म्हणायची सवय आहे तेच म्हण. मी या वयात नवीन नाव कुठे लक्षात ठेवू.

झाड मात्र देता येणार नाही. लाकूड मला हवं आहे. काहून हवं ते विचारू नको. सेवाला तूर निघाल्यावरच वेळ होणार आहे, तोवर तुझ्या काय माश्या काढून न्यायच्या त्या ने. त्याच्या मिराबाईलाही सांगितलंय, केतकी आली तर अडवू नको.

दिवाळीला अनिरुद्ध हैदराबादहून आला होता. येतो, फोनवर बोलत अंगणात फेऱ्या मारतो, जातो. चकली बरी झाली होती. तुझ्यासाठी डब्यात काढून ठेवायला हात गेला, मग लक्षात आलं.

फोन केला नाहीस ते बरं केलंस. फोनवर मला राग येतो. कागदावर लिहायला बसलं की निम्म्यात उतरतो.

अनुसूया


पुणे, २४ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न.

तुमच्या पत्रातली पहिली चार वाक्यं वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात जाऊन बसले. तिथे कुणी येत नाही. एवढंच लिहिते त्याबद्दल.

लाकूड कशाला हवं ते विचारू नको म्हणालात. पण अनिरुद्ध येऊन गेला, आंब्याचं लाकूड हवं आहे, आणि मला सांगता येत नाही, एवढं एकत्र वाचलं की अंदाज येतोच. त्याचं लग्न ठरत असेल तर आई, मला सांगायला संकोच करू नका. आमचं पटलं नाही, पण तो वाईट माणूस नाही, आणि त्यानं एकटं राहावं असं मला कधी वाटलं नाही. होमाला आंब्याच्या समिधा लागतात हे मला आठवतंय. आमच्या वेळी तुम्ही त्याच झाडाच्या फांद्या आणल्या होत्या, तेव्हा ते हिरवं होतं.

होमाला फांद्या पुरतील. वरचं सगळं न्या. बुंध्यापासून माझ्या खांद्याएवढं खोड तेवढं राहू द्या. माझ्या अळ्या तिथेच आहेत.

तुमची,
केतकी


औंढा, ४ डिसेंबर

चि. केतकीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. मग पुन्हा एकदा वाचलं. तू भलतंच समजून दुःख करून घेशील, त्यापेक्षा सांगून टाकते.

कसलं लग्न नि कसलं काय. तुझे सासरे गेले तेव्हा तू आमच्यात आलेली नव्हतीस. बंडोपंत म्हटलं की अख्ख्या औंढ्यात माणसं उठून उभी राहायची. धरणाच्या कचेरीत कारकून होते, पण कालव्याचं पाणी कुणाला मिळालं नाही तर रात्री झोपायचे नाहीत. ते गेले श्रावणात. आठवडाभर झड लागलेली. गावातलं सगळं लाकूड भिजलेलं. सरण पेटेना. लोक रॉकेल ओतायचे, भडका व्हायचा, विझायचा, नुसता धूर. अनिरुद्ध तेव्हा कॉलेजात होता. तिथून परतला तो डोळे सुजलेले, हाताला रॉकेलचा वास. मी पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाला, “आई, बाबांना नीट जातासुद्धा आलं नाही.”

एवढं एकच वाक्य. पुन्हा कधी तो विषय काढला नाही त्यानं. पण पाऊस लागला की अजून खिडकीशी उभा राहतो, तू पाहिलं असशील.

माझ्या वेळी पोराला तसं उभं राहावं लागू नये, बस. म्हणून शेप्या आंबा तोडून, फोडून, मागच्या पत्र्याखाली रचून ठेवायचा आहे. शेप्या ह्यांनीच लावलेला, त्यांना त्या आंब्याचा शेपूसारखा वास आवडायचा. माणसानं आपली सोय आपण करून ठेवावी. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, माझं वय झालं.

अक्षर वाकडं आलंय. उजवा हात हल्ली बराबर उचलत नाही, थंडीनं असेल.

अनुसूया


पुणे, १२ डिसेंबर

ती. आईस,
सा. न.

तुमचं अक्षर मी सहा वर्षं वाण्याच्या यादीत, लोणच्याच्या बरण्यांवर, माझ्या वाढदिवसाच्या पाकिटावर पाहिलं आहे. ते थंडीनं असं वाकडं होत नाही. मी मिराबाईंना फोन केला. त्यांना बोलू नका. त्या सांगत नव्हत्या, मी काढून घेतलं.

त्या म्हणाल्या, “बाईच्या काखेत गाठ हाय. गौरीच्या आधीपासून हाय. दवाखान्याचं नाव काढलं का मला म्हणतात, तू माझी लाकडं तेवढी कोरडी ठेव.” आणि मग त्या फोनवर रडायला लागल्या. शेत तुमचं कसतात म्हणून नाही रडल्या त्या, आई.

मी रविवारी सकाळी औंढ्यात पोचते. सोमवारी आपण नांदेडला जायचं. अनिरुद्धलाही मीच कळवलं आहे. त्यानं दोनदा विचारलं, गाठ कधीपासून आहे. मग म्हणाला, सोमवारी नांदेडला थेट येतो. तुम्ही मला हवं तेवढं रागवा, मी रागवून घ्यायच्या तयारीनंच येते आहे.

आणि लाकडाबद्दल. हे सून म्हणून नाही, त्या खोडाचा अभ्यास करणारी म्हणून सांगते. तीन पावसाळे खाल्लेत त्यानं. वरून वाळलेलं दिसतं, आतून भुसभुशीत झालं आहे. हातानं तुकडा मोडतो आणि तळव्याला ओल लागते. ओल आहे म्हणूनच माझ्या अळ्या तिथे आहेत. पत्र्याखाली रचून वाळवलं तरी त्याचा भुसा होईल. ते सरणाला चालणार नाही. त्याचाही नुसता धूर होईल.

तेव्हा तुमची ती सोय झालेली नाही. एवढ्यात निघायचं नाही.

केतकी


औंढा, २२ जानेवारी २०२४

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

टाके वाळले. हात खांद्यापर्यंत येतो, त्याच्या वर अजून नाही. मिराबाई रोज सकाळी तांड्यावरून येते आणि तो व्यायाम करून घेते. मी कुरकुरले की म्हणते, केतकीबाईला फोन लावते. एवढं बस होतं.

तू त्या रविवारी पायरीवर बॅग ठेवलीस आणि मी म्हणाले, परत जा. तू म्हणालीस, भांडण नांदेडच्या गाडीत करू. गाडीत बसलो तर तू माझ्या खांद्यावर मान टाकून झोपून गेलीस. दुखऱ्या बाजूच्या. वसमत येईपर्यंत मी हलले नाही. तेव्हाच मनाशी म्हणाले, हिच्याशी भांडून काही उपयोग नाही.

ऑपरेशन झालं त्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेली होतीस, तेव्हाचं तुला माहीत नाही म्हणून लिहिते. मी नुकती शुद्धीवर येत होते. सिस्टरनं अनिरुद्धला विचारलं, त्या बाई कोण, सून आहेत का? मला वाटलं, आता हा गप्प बसणार, आणि मलाच काही बोलावं लागणार. तोंड तर उघडत नव्हतं. तो म्हणाला, “ती आमच्या घरातली आहे.” सिस्टरला तेवढं पुरलं. मग तो माझ्या पायाशी बसला आणि माझे पाय चेपायला लागला. लहानपणानंतर त्यानं माझ्या पायाला हात लावलेला मला आठवत नाही. डोळे मिटून पडून राहिले, उगाच बिचाऱ्याला अवघडल्यासारखं नको.

आता ते सलाईनमधलं औषध सुरू होणार. सहा वेळा. डॉक्टर तकलीफ होईल म्हणाले. बघू.

तुझं लाकडाबद्दलचं खरं निघालं. संक्रांतीला सेवानं वरच्या एका फांदीवर कुऱ्हाड मारून बघितली तर पातं लोण्यात शिरावं तसं शिरलं. खोडाला हात लावू दिला नाही मी. तुझं तुला ठेवलंय.

अनुसूया


पुणे, १२ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

पहिलं औषध सोसलंत, अनिरुद्धनं सगळं कळवलं. आम्ही आता वेळा वाटून घेतल्या आहेत, एकदा तो नांदेडला येईल, एकदा मी. परवा आम्ही तुमच्या गोळ्यांबद्दल अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, लग्नाच्या सहा वर्षांत आम्ही इतकं सरळ, न तोडता कधी बोललो नव्हतो. तेव्हा दोघांनाही आपापलंच सांगायचं असायचं.

आता माझं काम. डॉक्टरांनी तुम्हाला उन्हात आणि गर्दीत जायला मनाई केली आहे. शेतात तर नाहीच. म्हणून झाडच तुमच्याकडे पाठवते. सेवाभाऊ बुंध्याचा तुकडा ट्रॅक्टरवर घालून आणतील आणि अंगणात लिंबाच्या सावलीत आडवा ठेवतील. मी पुढच्या खेपेला येईन तेव्हा त्यावर जाळी बसवीन. मिराबाईंनी रोज गोणपाट ओलं करून लाकडावर टाकायचं. तुम्ही त्याला हात लावायचा नाही. कुजलेल्या लाकडाला बुरशी असते, सध्या तुम्हाला ती चालणार नाही. तुम्ही ओट्यावर बसून बघायचं फक्त.

तुमचं मन रमावं म्हणून मी हे करते आहे, असं समजू नका. मला पुण्यात बसून ते बघता येत नाही, आणि तुमच्याएवढं बारीक बघणारं दुसरं कुणी माझ्या माहितीत नाही. तांदळातला खडा तुम्ही चाळणीशिवाय काढता.

केतकी


औंढा, ८ एप्रिल

चि. केतकीस आशीर्वाद.

तुझा ओंडका अंगणात आहे. शेजारची जनकाबाई रोज विचारते, ह्या कुजक्याला कशाला पाणी घालून राहिल्या? एकदा सांगितलं, आत माश्या आहेत. तेव्हापासून ती ताकसुद्धा दारातूनच देऊन जाते.

ऊन फार आहे. तोंडाला चव नाही. वरणात मीठ आहे का नाही ते मिराबाईला विचारावं लागतं.

केस गेले. सगळे. तू म्हणाली होतीस तसं आधीच बारीक कापून घेतले होते, तरी उशीवर बघवेना. परवा आरशात बघितलं तर माझी आजेसासू दिसली. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा ती होती, लाल आलवणात, तुळतुळीत डोक्याची. तिचे केस लोकांनी काढले होते, ती एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली तेव्हा. मला तिच्याकडे बघायची भीती वाटायची. आता वाटतं, एकदा जवळ बसून त्या डोक्यावरून हात फिरवायला हवा होता. मिराबाईनं घरून एक रुमाल आणून दिला, तांड्यावरच्या बायका शिवतात तसला, काठाला बारीक आरसे असलेला. तो बांधते. जनकाबाई म्हणाली, शोभतो.

आता खरं लिहिते. अनिरुद्धला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते. अजून दोन वेळा राहिल्यात, आणि मला नको आहेत. गेल्या वेळी परत आले तर पाच दिवस मान उचलवली नाही. आणखी थोडं जगून मी काय करणार आहे? पूजा, कढी, जनकाबाई. ओट्यावर बसून तुझ्या लाकडाकडे बघते. काही हालत नाही. मला वाटतं, त्यात काही राहिलेलंच नाही, आपण उगाच पाणी घालून राहिलो.

रागावू नको. मी दमले.

अनुसूया


पुणे, १३ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

रागावले नाही.

डिसेंबरात मी तुम्हाला न विचारता ओढून नेलं. तेव्हा काय झालंय हेच माहीत नव्हतं. आता तुम्हाला सगळं माहीत आहे, आणि अंग तुमचं आहे. थांबायचं की नाही ते तुम्हीच ठरवायचं. मी ओढणार नाही.

लाकडाचं मात्र सांगते, कारण तुम्ही विचारलंत. या अळीची शेवटची कात असते ना, ती अळी टाकत नाही. तिच्याच आत बसून राहते आणि आतल्या आत बदलते. बाहेरून बघितलं तर कडक झालेली, न हलणारी, मेलेलीच दिसते. पहिल्या वर्षी मीसुद्धा तशा कितीतरी फेकून दिल्या. हे मी तुम्हाला उद्देशून काही सुचवत नाहीये. लाकडात माश्या आहेत की नाहीत, एवढ्याचंच हे उत्तर आहे. आहेत.

आणि थोडं जगून काय करणार, हे विचारलंत. माझ्यापुरतं सांगते. माझ्या घरी कुणी कुणावर ओरडत नसे, कुणी कुणाला काही विचारतही नसे. चौघं चार खोल्यांत. लग्नानंतर पहिल्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आणि तुम्ही पाठ वळवलेली असतानाच विचारलंत, “जेवलीस का गं?” मी सव्वीस वर्षांची होते, आणि मला ते कसं ऐकायचं हेच कळेना. कोर्टातून बाहेर आले त्या दिवशी मी अनिरुद्धसाठी रडले नाही. आता यापुढे ते कुणी विचारणार नाही, म्हणून रडले.

बावीस तारखेला यायची पाळी माझी आहे. मी नांदेडला दवाखान्याच्या दारात उभी राहीन. तुम्ही आला नाहीत तर तिथून औंढ्याला येईन, तुमच्या हातचं जे असेल ते जेवीन, आणि परत जाईन. त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही.

केतकी


औंढा, ७ जून

चि. केतकीस अनेक अनेक आशीर्वाद.

आल्या. तुझ्या माश्या आल्या.

फोन करायला हवा होता, मिराबाई सांगतच होती, फोन लावा, फोन लावा. पण मला हे लिहायचं होतं. फोनवर नुसतं आल्या म्हणाले असते आणि संपलं असतं.

सकाळी रुमाल बांधून ओट्यावर बसले होते. केस थोडे आलेत, जावळासारखे, मऊ. चहा हातात होता. ओंडक्याच्या डाव्या अंगाला जिथे साल थोडी उचललेली आहे तिथे काहीतरी पांढुरकं दिसलं. मला वाटलं, भुसा. मग ते हललं. चष्मा पुसून जाळीपर्यंत गेले. रागावू नको, हात लावला नाही.

सालीच्या फटीतून ती निम्मी बाहेर आली होती. मागचं निम्मं अंग अजून त्या वाळक्या कातीत. थोडं जोर करायची, थांबायची. पुन्हा जोर करायची. मी तोंडानं चल, चल म्हणत होते, दारात पोराला चालायला शिकवताना म्हणतात तसं. मग एकदम सुटली. पाय लांबलचक. पंख चुरगाळलेले, ओले, धुऊन पिळलेल्या फडक्यासारखे. रंग फिका होता, तू लिहिला होतास तसा पिवळा-काळा नव्हता. मनात आलं, ही अपुरीच निघाली. पण चहा गार होईपर्यंत पंख सरळ झाले, आणि रंग चढत गेला, हळद खलताना गडद होत जाते तसा. मिराबाई आली आणि किंचाळून म्हणाली, “बाई मागं सरा, गांधील हाय!” मी म्हणाले, गांधील नाही, हिला डंख नसतो, गप बस. आणि ती खरंच गप माझ्याजवळ उकिडवी बसली.

दुपारपर्यंत आणखी निघाल्या. तू दिलेल्या नळ्यांत मिराबाईनं बराबर घातल्या, झाकणावर तारीख लिहिली. काती वेगळ्या ठेवल्यात. संध्याकाळी जनकाबाई स्वतःहून आत आली. तिला एक दाखवली. म्हणाली, अगं, ही तर सुंदर आहे.

मधल्या पत्रांत मी फारसं लिहिलं नाही. बावीस एप्रिलला तू दवाखान्याच्या दारात उभी होतीस आणि मी रिक्षातून उतरले, तेव्हा तू वचन पाळलंस, एक शब्द बोलली नाहीस. तेरा मेचं शेवटचं औषधही झालं. परवाची तपासणी चांगली आली. सहा महिन्यांनी पुन्हा जायचं. अनिरुद्ध डॉक्टरांपुढेच रडला.

आणखी एक. सांगू की नको, दोन दिवस विचार करत होते. अनिरुद्धची एक मैत्रीण आहे हैदराबादला. रेवती नाव. बँकेत आहे. त्यानं मला फोटो दाखवला आणि म्हणाला, केतकीला तूच सांग, मला जमत नाही. मुलगी चांगली दिसते. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी तुझी आठवण येऊन वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे.

आई


पुणे, १६ जून

ती. आईस,
सा. न.

तुमचं पत्र मी आमच्या मार्गदर्शकांना वाचून दाखवलं, माश्यांचा भाग. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, हे जसंच्या तसं प्रबंधात घाला. प्रबंधात ‘चल, चल’ घालता येत नाही, पण बाकीचं तुमच्या नावानं घालणार आहे. निरीक्षण: अनुसूया बंडोपंत जोशी, औंढा. नाही म्हणू नका.

रेवतीबद्दल सांगितलंत ते बरं केलंत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एक संध्याकाळ वाटलं. मग मी अनिरुद्धला फोन केला आणि म्हणाले, तिच्याशी गोळ्यांबद्दल बोलतोस तसं बोल, सरळ. तो हसला. खूप वर्षांनी ऐकलं ते हसणं.

उरलेल्या नळ्या आणि लाकूड बघायला मला यायचं आहे, जुलैच्या दुसऱ्या शनिवारी. पण आता एक विचारते. घरात नवं नातं येऊ घातलं आहे. त्या लोकांच्या कानावर जाईल, गावात बोललं जाईल. अशा वेळी मी तुमच्याकडे उतरणं बरं दिसेल का? देवळाजवळ भक्तनिवासात खोली मिळते. मी तिथे राहीन आणि दिवसा येऊन काम करीन. तुम्ही काही वाटून घेऊ नका. जे सोयीचं असेल ते कळवा.

तुमची,
केतकी


(औंढ्याच्या घराच्या कडीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, १३ जुलै)

केतकी,

पत्राचं उत्तर मुद्दाम दिलं नाही. असल्या प्रश्नाला पोस्टाचं तिकीट कोण लावणार.

मिराबाईची म्हैस काल व्याली. चिकाचं दूध आणायला मी तांड्यावर गेले आहे, चालत. सेवा गाडीवर सोडतो म्हणाला, नको म्हटलं. किल्ली जनकाबाईकडे आहे. तुझी बॅग मधल्या खोलीत ठेव, तिथली गादी उन्हं दाखवून काढली आहे. पिठलं कढईत, भाकरी फडक्यात, ठेचा फळीवर. जाऊन आधी लाकडापाशी बसू नको. हातपाय धू, पोटभर जेव. माझ्यासाठी थांबू नको.

खरवस संध्याकाळी करू.

आलेच.